न कळलेले तास

प्रोग्रॅम एकच, आवृत्ती एकच, बसवण्याची पद्धतही एकच. तरी तो बऱ्याच सर्व्हरवर नीट चालतो आणि काहींवर चालत नाही. आमच्या कामात हा प्रश्न वरचेवर भेटतो आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा तांत्रिकच निघतात. पण जो प्रोग्रॅम दुसऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठीच लिहिला आहे, तोच काही ठिकाणी अडला की मला स्वस्थ बसवत नाही. त्याच्या भरवशावर कुणीतरी स्वतः बघणं सोडून दिलेलं असतं.

कोल्हापुरात बसून मी जिल्ह्यातल्या लहान सहकारी संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. पतसंस्था आहेत, सेवा सोसायट्या आहेत, दूध संस्था आहेत. गावातला सर्व्हर म्हणजे सचिवांच्या टेबलामागे, लोखंडी कपाटाच्या शेजारी ठेवलेला एक संगणक. खाली यूपीएस, वर भिंतीला राउटर. पण त्या एका डब्यात गावाच्या ठेवी असतात, पीककर्जाची खाती असतात, सकाळ-संध्याकाळच्या दुधाचं लिटर आणि फॅट असतं, आणि त्यावरून निघणारं बिल असतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे वहीतला हिशेब यंत्रात जाण्याचं काम आता गावोगाव चालू आहे. वही कुणालाही उघडून बघता येत होती. यंत्रातलं बघायला यंत्र लागतं, आणि ते यंत्र धड आहे ना हे बघायला आणखी एक. हे शेवटचं यंत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे.

ते दर पाच मिनिटांनी चार गोष्टी विचारतं. डिस्क किती भरली, डेटाबेस चालू आहे का, रात्रीचा बॅकअप झाला का, यूपीएसची बॅटरी किती उरली. उत्तर बरं असेल तर माझ्या स्क्रीनवर त्या संस्थेची ओळ हिरवी होते, नाहीतर लाल. रोज सकाळी ऑफिसात आलो की आधी ही यादी बघतो. ती सगळी हिरवी दिसली की मनाला जो आराम पडतो, त्या आरामाबद्दलच मला इथे बोलायचं आहे.

अशा देखरेखीची रूढ रीत ईथन गॅलस्टॅड यांच्या प्रोग्रॅमने घालून दिली. १९९९ मध्ये तो नेटसेंट या नावाने आला आणि २००२ पासून नागिऑस म्हणून जगभर वापरात आहे. त्यात तपासणी करणारा प्रत्येक छोटा तुकडा काम संपताना एक आकडा परत देतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, आणि ३ म्हणजे कळलं नाही. सर्व्हरच्या बाबतीतही तीन अवस्था मानल्या आहेत: चालू, बंद, आणि तिथवर पोचताच आलं नाही. मधला राउटर पडला असेल तर त्याच्या पलीकडच्या सर्व्हरला बंद म्हणायचं नाही, कारण त्याच्याविषयी काही म्हणण्याचा हक्कच आपल्याला उरलेला नसतो. एका प्रोग्रॅमरने पंचवीस वर्षांपूर्वी हा भेद यंत्रात घालून ठेवला, याचं मला आजही कौतुक वाटतं. माझ्या प्रोग्रॅममध्येही हे चार आकडे आहेत. ते नुसते असून भागत नाही. ३ म्हणायची वेळ येते तेव्हा माझा प्रोग्रॅम ३ म्हणतो का? आणि तो म्हणाला, तर मी ते ऐकून घेतो का?

० हा आकडा फार स्वस्तात मिळतो. लिनक्सवर एकापुढे एक तीन आज्ञा जोडल्या, पहिलीने डिस्कची माहिती आणायची, दुसरीने हवी ती ओळ निवडायची, तिसरीने आकडा काढायचा, तर एकूण निकाल म्हणून फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल धरला जातो. पहिली आज्ञा साफ फसली, तिने एक अक्षरही आणलं नाही, तरी शेवटची आपल्या हाती आलेल्या शून्य ओळींवरचं काम व्यवस्थित संपवते आणि ० कळवते. तपासणी झालीच नाही आणि ओळ मात्र हिरवी. हे टाळण्याची सोय आहे, वर एक छोटी ओळ लिहायची असते. पण ती न लिहिता प्रोग्रॅम चालतो, आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे संशयाने बघायची सवय कुणी लावत नाही.

विंडोजवर तारखेचा घोळ आहे. एका संगणकावर तारीख दिवस-महिना अशी ठेवलेली असते, दुसऱ्यावर अमेरिकी पद्धतीने महिना-दिवस अशी. बॅकअपच्या फाइलवरची तारीख वाचणारा प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर ५ जुलैला ७ मे समजतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत तो असं चुकीचं वाचतो पण कुठे अडत नाही, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणूनही खपतो. १३ तारखेला मात्र तो कोसळतो, कारण तेरावा महिना नाही. आपण १३ तारखेला बिघाड झाला म्हणून धावतो. खरं तर १३ तारखेला तो पहिल्यांदा खरं बोललेला असतो. पहिले बारा दिवस त्याने दिलेली साक्षच कुचकामी होती, आणि त्या बारा दिवसांबद्दल कुणाचीच तक्रार नसते.

आता त्या ‘काही’ सर्व्हरविषयी. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत ते कुठेही असू शकतात, पण माझ्या अनुभवात चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूंना जास्त. कारणं शोधत गेलं की ती एकेक हाताला लागतात. डोंगराआड केबल नाही म्हणून संस्था मोबाइलच्या डेटावर चालते, आणि मोबाइल कंपनी शेकडो ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते. तिथून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. कोल्हापुरातून मी कितीही हाका मारल्या तरी त्या संगणकापर्यंत पोचतच नाहीत. दुसरीकडे लाइन आहे पण इतकी मंद, की दहा सेकंदांत उत्तर यावं ही माझी अट पाळणं त्या सर्व्हरच्या हातातच नाही. तिसरीकडे वीज जाऊन-येऊन मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. संगणक चालू झाला की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ दिसतं, म्हणून तो माझ्या प्रोग्रॅमला ओळखच देत नाही. कुठे अँटिव्हायरसने माझीच फाइल संशयित ठरवून उचलून बाजूला ठेवली. कुठे नेटवर्कवरची एक सामाईक डिस्क मेली, आणि जागा किती हे विचारणारी आज्ञा तिच्या उत्तराची वाट बघत तशीच ताटकळत बसली. पाच मिनिटांनी दुसरी आज्ञा आली, तीही तिथेच बसली. दुपारपर्यंत अशा आज्ञांचा ढीग साचून सर्व्हर खरोखरच मंदावला. बघायला गेलेल्याचाच त्याला भार झाला.

यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. बाहेरून हाक मारण्याऐवजी त्या संगणकानेच ठरल्या वेळी खबर पाठवावी, आणि खबर आली नाही तर तीच वाईट खबर धरावी, ही रीत जुनी आणि चांगली आहे. रात्री गल्लीतून गस्तीवाल्याच्या काठीचा आवाज यायचा थांबला की झोपेतला माणूसही जागा होतो, तसं. वेळमर्यादा जागेनुसार ठेवता येते, घड्याळं नेटवरून जुळवता येतात, अडकलेली आज्ञा मुदत संपताच मारता येते. हे सगळं मी करतो, आणि करताना अवघडही वाटत नाही. अवघड आहे ते बिघाड शोधताना मनात काय चाललेलं असतं त्याकडे बघणं.

बिघाड कळल्याबरोबर माझ्या मनात पहिली इच्छा उठते ती कारण सापडावं ही नसते. दोष तिकडचा निघावा, ही असते. त्यांची लाइन, त्यांचा अँटिव्हायरस, त्यांचा सेल, त्यांच्या ऑपरेटरने कधीतरी काढलेली वायर. माझ्या ओळी निर्दोष सुटाव्यात म्हणून मी आधी तिकडचे पुरावे गोळा करू लागतो. असं करताना मी खोटं बोलत नाही. लाइन खरोखर मंद असते, सेल खरोखर संपलेला असतो. पण मंद लाइन चंदगडात असणारच, हे मला प्रोग्रॅम लिहितानाही ठाऊक होतं. मी तो माझ्या ऑफिसातल्या वेगवान जोडणीवर लिहिला आणि तिथेच तपासला. ज्या परिस्थितीत तो चालवायचा आहे, तीच परिस्थिती त्याच्या अपयशाचं कारण म्हणून पुढे करणं न्यायाचं आहे का? शंभर किलोमीटरवरच्या गावाने माझ्या टेबलासारखं व्हावं, ही अपेक्षा कुणी कुणाकडून करायची? रात्री दिवा मालवल्यावर हा प्रश्न समोर येतो, आणि ‘तांत्रिकदृष्ट्या’ या शब्दाने सुरू होणारं कुठलंच उत्तर त्या वेळी पुरत नाही.

दुसरी गोष्ट पलीकडच्या माणसाची. संस्थेतला ऑपरेटर फोनवर सांगतो, “सर, हितं कायतरी गडबड हाय, बिलं निघंनात.” माझी नजर स्क्रीनवर जाते. ओळ हिरवी असते. तोंडावर येतं ते असं, “इथून तर सगळं ठीक दिसतंय.” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते माझ्याही जिभेवर तयारच असतं. त्यात उद्धटपणा नसतो, आवाजही सौम्य असतो. पण त्याचा अर्थ असा होतो की, तू संगणकासमोर बसून डोळ्यांनी जे बघतो आहेस त्यापेक्षा मी लांबून यंत्राच्या तोंडून जे ऐकतो आहे ते खरं. समोरचा माणूस त्यावर गप्प बसतो. पटलं म्हणून बसत नाही. सर शिकलेले आहेत, शहरातले आहेत, म्हणून बसतो.

या वाक्याची किंमत काय असू शकते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याचे इशारे देणारी संगणक व्यवस्था थांबली. ती थांबली हे सांगणारा इशारा कुठेच नव्हता. पडद्यावर नवं काही येत नव्हतं, म्हणजे सगळं सुरळीत आहे असं तिथले लोक समजत राहिले. त्या वेळात उच्च दाबाच्या वाहिन्या एकामागून एक पडत होत्या. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, तुमच्याकडे अमुक वाहिनी पडल्याचं दिसतंय, असं विचारत होते. कक्षातून उत्तर जात होतं की आमच्याकडे तसं काही दिसत नाही. चार वाजून गेल्यावर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. तपासात त्या इशारा-व्यवस्थेच्या प्रोग्रॅममधला एक सूक्ष्म दोष सापडला, तो सुधारलाही गेला. मला मात्र ते फोन विसरता येत नाहीत. कळवणारी माणसं होती, योग्य वेळी कळवत होती, आणि न बोलणाऱ्या पडद्याची साक्ष त्यांच्यापेक्षा वजनदार ठरली.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, जरा वेगळ्या जातीचं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पैसे काढण्याच्या विनंत्यांना मंजुरी द्यायची ती बँकेच्या यंत्रणेने. चोरांनी मध्ये स्वतःची एक नकली यंत्रणा उभी केली आणि ‘मंजूर’ हे उत्तर तिथूनच जाऊ लागलं. हा गुन्हा होता, माझ्या विषयातला बिघाड नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. उत्तर आलं, एवढ्याने भागत नाही. ज्याला विचारलं त्याच्याकडूनच ते आलं का, आणि त्याने बघून दिलं का, हेही विचारावं लागतं.

आणि मग पूर. कोल्हापुरात राहून दूरच्या यंत्रांविषयी बोलायचं आणि पुराविषयी बोलायचं नाही, हे होणार नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं रिकामी करावी लागली. उपसा केंद्रं बुडाली आणि नदीकाठच्या शहराला प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत बसावं लागलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर एकेक करून थंड पडले.

अशा वेळी माझ्या स्क्रीनवर काय दिसेल? करवीर, शिरोळ, हातकणंगले इथल्या ओळी एकापाठोपाठ अबोल होतील. अबोल ओळीचे अर्थ तरी किती! सचिवांनी वेळेवर संगणक उचलून माडीवर नेला असेल आणि सगळं सुरक्षित असेल. संगणक जागेवरच राहून पाण्यात गेला असेल. किंवा संस्था कोरडी ठणठणीत असेल आणि फक्त टॉवरची बॅटरी संपली असेल. तीन अगदी वेगळ्या परिस्थिती, आणि माझ्याकडे तिन्हींचं रूप एकच. त्या वेळी मी ‘बंद’ म्हटलं तरी ते खोटं, ‘चालू होता’ म्हटलं तर अधिकच खोटं. खरं एकच, की मला माहीत नाही.

यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट अशी की, माझं यंत्र ज्या दिवशी सर्वांत जास्त हवं त्याच दिवशी ते आंधळं होण्याची शक्यता सर्वांत जास्त. बिघाड आणि खबर या दोघांची वाट एकच आहे. जी वीज सर्व्हर चालवते तीच खबर पाठवते, जो टॉवर पडल्याने संस्थेचं काम थांबतं त्याच टॉवरवरून ‘काम थांबलं’ हा निरोप यायचा असतो. वर्षातले कोरडे महिने माझी यादी हिरवी राहते आणि त्या हिरवेपणाची मला सवय लागते. पण त्या महिन्यांत कुणाला माझी फारशी गरजच नसते.

राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात. त्यांना कुणाचा निरोप लागत नाही, वीज लागत नाही. पावसाळ्यात ‘राधानगरीचा अमुक दरवाजा उघडला’ ही बातमी वाचताना मला त्या रचनेचा हेवा वाटतो. जे बघायचं तेच तिथे हालचाल घडवतं, मध्ये कुणी सांगणारा नाही. माझं काम मात्र सगळं मधल्या सांगणाऱ्याचंच आहे, आणि सांगणाऱ्याने आपल्याला काय दिसलं नाही हेही सांगितलंच पाहिजे.

ते सांगण्याची जागा म्हणजे महिन्याचा अहवाल. माझ्या सचोटीची खरी परीक्षा प्रोग्रॅममध्ये होत नाही, या एका कागदावर होते. संस्थेला हवा असतो एक आकडा, सर्व्हर किती टक्के वेळ चालू होता. समजा तीस दिवसांच्या महिन्यातल्या ७२० तासांपैकी ७०० तास चालू असल्याचं दिसलं, ४ तास बंद असल्याचं दिसलं, आणि १६ तास काहीच कळलं नाही. हे १६ तास कुठे धरायचे? चालूमध्ये धरले तर आकडा येतो ९९.४४. बंदमध्ये धरले तर ९७.२२. तिसरा मार्ग सभ्य दिसतो. जे कळलं नाही ते हिशेबातच घ्यायचं नाही, उरलेल्या ७०४ तासांवर टक्केवारी काढायची. ती येते ९९.४३. बघा, सोळा तास सोडून दिले काय आणि ठीक होते असं म्हटलं काय, फरक एका शतांशाचा! वगळणं हे तटस्थ वाटतं. प्रत्यक्षात ते ‘ठीक होतं’ म्हणण्याचंच दुसरं नाव आहे. आमच्या व्यवसायात ही तिसरी पद्धत सर्रास वापरली जाते, तिला कुणी नाव ठेवत नाही, आणि करारात नव्याण्णवची अट असेल तर ती फार उपयोगी पडते.

मी स्वतःला विचारतो, हा आकडा कुणासाठी काढतोस? संस्थेला खरी स्थिती कळावी म्हणून, की पुढच्या वर्षीचं कंत्राट टिकावं म्हणून? दोन्ही हेतू माझ्यात आहेत आणि ते एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की वेगळे काढताना हात कचरतो. कंत्राट टिकायला हवं, घर त्यावर चालतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ‘न कळलेले तास १६’ अशी वेगळी ओळ लिहिताना पेन जड होतं हे खरं. ती ओळ वाचून चेअरमन विचारतील, मग तुम्हाला पैसे कशाचे देतो? रास्त प्रश्न आहे. त्याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: कळलं नाही हे कळवण्याचेही पैसे त्यात आहेत. पटलं तर पटलं. ती ओळ मात्र लिहायची, असं मी ठरवलं आहे आणि ती लिहितो.

बॅकअपच्या बाबतीत हे आणखी कडकपणे पाळावं लागतं. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपकडे धावले तर कळलं की नेहमीचा बॅकअप निघतच नव्हता. बॅकअप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून ते दर वेळी फसत होतं. फसल्याची ई-मेलही जात होती, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून ती पलीकडे नाकारली जात होती. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. बाकीचा वाचला तो एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी काही तास आधी काढून ठेवलेल्या प्रतीमुळे. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं कामही लोकांना थेट बघू दिलं. इतकी जाणती माणसं, इतकी साधनं, आणि नेमका ‘फसलं’ हा निरोपच कुणापर्यंत पोचला नव्हता. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या सर्व्हरची काय कथा? ‘बॅकअपची फाइल तयार झाली’ एवढं बघून मी ओळ हिरवी करू शकतो. ती फाइल उघडते का, तिच्यातून खाती परत उभी राहतात का, हे बघितल्याशिवाय त्या हिरव्याला अर्थ नाही.

जगात इतके तयार, नावाजलेले प्रोग्रॅम असताना स्वतःचा का लिहिला, असं कुणी विचारलं तर सांगायला कारणं आहेत. संस्थांचे जुने संगणक, मराठीतले संदेश, खर्च. ती खरी आहेत. पण स्वतः घडवलेल्या गोष्टीवर जीव बसतो, आणि जीव बसला की तिची उलटतपासणी घ्यायला मन तयार होत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून आता माझ्या प्रोग्रॅमवर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, साधा, वेगळ्या जागेवरून चालणारा प्रोग्रॅम लक्ष ठेवतो. ते मनाला थोडं टोचतं आणि टोचलेलं बरं आहे.

संस्थांचे सचिव, संचालक आणि लेखापरीक्षक यांना माझी विनंती आहे. तुमची यंत्रणा जो कुणी सांभाळत असेल, त्याच्याकडून चालू आणि बंद या दोन आकड्यांवर समाधान मानू नका. तिसरा आकडा मागा: किती तास कळलं नाही? तो शून्य सांगितला तर कसा मोजला ते विचारा. वर्षातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या संगणकावर तुमच्यासमोर उघडायला लावा आणि चार सभासदांची पासबुकं घेऊन त्यातल्या शिलका ताडून बघा. तुमचा ऑपरेटर ‘गडबड आहे’ म्हणत असेल आणि शहरातून ‘इथून ठीक दिसतंय’ असं उत्तर येत असेल, तर ऑपरेटरच्या बाजूने उभे राहा आणि माणूस पाठवायला भाग पाडा. महाराष्ट्रात सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या सभेआधी एवढी तपासणी करून घ्या, आणि माझ्यासारख्याकडून ती करून घेताना संकोच बाळगू नका.